विहिरीच्या पाण्याचा जमाखर्च
(जीर्णोद्धार समारंभात झालेल्या भाषणाचा मजकूर)



देवाच्या कृपेने व सर्वांच्या हातभाराने देवळाचे काम तडीस गेले. या शुभप्रसंगी विषय काढावयाचा आहे तो देवळामागच्या विहिरीचा. देवाच्या अभिषेकाला पाणी तिचेच लागते. शिखर नवे झाले आणि अभिषेकाचे पाणी टँकरने आणावे लागले, तर जीर्णोद्धार अर्धाच झाला असे म्हणावे लागेल.

उन्हाळा आला की गावात जो तो म्हणतो, "पाणी खाली गेले." पण किती गेले, कधीपासून गेले, याचे उत्तर कोणाजवळ नसते. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद असते. तिच्यातील पाण्याची नसते.

महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भाग बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा आहे. त्यात पाणी साठते ते झिजलेल्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. अशा मुरमातून शंभर भागांमागे सुमारे दोन भागच पाणी हाती लागते, असे भूजलाच्या हिशेबात धरतात. म्हणजे पातळी एक मीटर वर आली, तर एका हेक्टराखाली फक्त २ लाख लिटरच्या आसपास पाणी वाढले. ठेव एवढी लहान असल्यामुळेच ती लवकर भरते आणि लवकर रितीही होते. एकाने बोअर खोल नेली की शेजारी त्याहून खोल नेतो, आणि दोघांच्या ओढीत उथळ विहिरी कोरड्या पडतात.

राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निवडक निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी वर्षातून चार वेळा मोजते आणि मागील पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहते. टंचाईचा अंदाज त्यावरून बांधता येतो. गावानेही तेच करावे.

रीत सोपी आहे. विहिरीच्या काठावर एक कायमची खूण करावी. मोटार बंद असताना, पाणी स्थिर झाल्यावर, वजन बांधलेली टेप सोडून खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे. तारीख घालून ते वहीत लिहावे. शेजारी पाऊसही लिहावा. मेची तुलना मेशी आणि ऑक्टोबरची ऑक्टोबरशीच करावी. मे ते ऑक्टोबर पाणी चढले ती जमा. ऑक्टोबर ते मे उतरले तो खर्च. पाऊस पूर्वीइतकाच पडूनही ऑक्टोबरची पातळी वर्षानुवर्षे खाली जात असेल, तर दोष आभाळाला देता येणार नाही. उपसा वाढला किंवा पाणी मुरणे कमी झाले, हे उघड होते.

हिशेब न ठेवल्याचे फळ मोठे असते. १९७२ चा दुष्काळ वडीलधाऱ्यांना आठवतो. २०१६ साली लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. उलट नगर जिल्ह्यातील (आताचा अहिल्यानगर) हिवरे बाजार या कमी पावसाच्या गावाने १९८९ नंतर पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली पाणी अडवले, शेतीसाठी बोअर घेणे बंद केले आणि दरवर्षीचे पाणी मोजून त्यावरून पिके ठरवली. माथ्यावरचा टँकर त्या गावाने उतरवला.

म्हणून विनंती एवढीच. देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी सभामंडपात लागली आहे; तिच्या शेजारी एक साधा काळा फळा लागावा. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस पुजाऱ्यांनी व शाळेच्या मुलांनी मिळून विहीर मोजावी आणि आकडा फळ्यावर लिहावा. दसऱ्यानंतरच्या ग्रामसभेत तो वाचून मगच रब्बीला ऊस की हरभरा हे ठरावे. आकडा सर्वांसमोर असला की भांडण कमी होते आणि शहाणपण वाढते.

पाणी देणारा देव आहे. त्याचा जमाखर्च ठेवणे हे गावाचे काम आहे. देव सर्वांना ती बुद्धी देवो.