न मानणाऱ्यांनीही वाचावे असे काही



मी देवपूजा करीत नाही. तरीही माझ्या कपाटात ऋग्वेद आणि थेरीगाथा यांची भाषांतरे शेजारी शेजारी आहेत. त्यावरून मला दोन्हीकडून बोलणी बसतात. श्रद्धाळू शेजारी विचारतात, ‘मनात भाव नाही, मग वाचून काय उपयोग?’ विवेकवादी मित्र विचारतात, ‘मानत नाहीस, मग ही पुस्तके हवीत कशाला?’ गंमत अशी, की दोघांचाही सल्ला एकच : वाचू नकोस! मला मात्र वाटते, की न मानणाऱ्याने हे ग्रंथ जरूर वाचावेत.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले चौतिसावे सूक्त पाहा. ते एका जुगाऱ्याचे आहे. त्या काळी बेहड्याची फळे फासे म्हणून वापरीत. हा माणूस त्यांच्या नादी लागून सर्वस्व घालवून बसला आहे. सासू त्याचा तिरस्कार करते, बायको जवळ येऊ देत नाही आणि आईबाप, भाऊ त्याला ओळख दाखवायला तयार नाहीत. पुन्हा खेळायचे नाही असे तो ठरवतो. पण फाशांचा आवाज कानी पडला, की पाय आपोआप तिकडे वळतात. शेवटी उपदेश येतो तो साधा : जुगार सोड, शेती कर. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आपल्या देशात २०२५ साली बंदीचा कायदा झाला. त्या खेळांपायी कर्जात बुडालेल्या घरांतले बोलणे ज्यांनी ऐकले आहे, त्यांना हे सूक्त परके वाटणार नाही. ते समजायला सवितृदेवावर श्रद्धा असावी लागत नाही.

थेरीगाथा हा पाली भाषेतला बौद्ध भिक्षुणींच्या रचनांचा संग्रह. त्यातली मुत्ता आपल्या मुक्तीचा आनंद सांगते तेव्हा उखळ, मुसळ आणि कुबडा नवरा अशा तिघांपासून सुटल्याचे सांगते. पुनर्जन्म माना अथवा मानू नका. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी एका बाईला स्वयंपाकघराचा जाच कसा वाटला, हे तिच्याच तोंडून ऐकायला मिळते. असे पुरावे इतिहासात किती थोडे!

हे शब्द टिकले कसे, तर श्रद्धावंतांमुळे. शतकानुशतके माणसांनी ते तोंडपाठ करून पुढच्या पिढीकडे दिले. पवित्र मानले म्हणूनच अक्षरही गाळले नाही. सृष्टी कशी झाली हे वरून पाहणाऱ्यालाही ठाऊक असेल की नाही, अशी शंका घेणारे नासदीय सूक्तही त्यांनी जपले. हे ऋण न मानणाऱ्यानेही मानायला हवे.

पण ऋण मानणे म्हणजे मान तुकवणे नव्हे. त्याच दहाव्या मंडलात पुरुषसूक्त आहे. चार वर्ण एका पुरुषाच्या चार अवयवांतून निघाले असे ते सांगते, आणि शूद्राच्या वाट्याला पाय येतात. या कल्पनेच्या आधाराने कोट्यवधी माणसांना खाली ठेवले गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत १९२७ साली महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच बाबासाहेबांनी १९४६ साली शूद्रांच्या उगमावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, तेव्हा पुरुषसूक्ताची बारकाईने चिकित्सा केली. ग्रंथाचा अधिकार नाकारायचा असेल, तर तो आधी वाचावा लागतो, हा धडा त्यांनी घालून दिला.

श्रोतेहो, वाचणे सोडून दिले, तर या ग्रंथांत काय आहे हे आपल्याला दुसरे कोणीतरी सांगणार. कोणी म्हणेल, सगळे विज्ञान त्यात आहे. कोणी म्हणेल, सगळी भाकडकथा आहे. दोघांपैकी कोणी पान उलटले आहे का, हे विचारायलाही आपण ते उलटलेले असले पाहिजे. म्हणून एखादे चांगले भाषांतर ग्रंथालयातून आणा. सोवळे नको आणि तुच्छताही नको. हातात पेन्सिल असू द्या. पटेल तिथे खूण करा. पटणार नाही तिथे समासात प्रश्नचिन्ह काढा. आपल्याच पूर्वजांशी दोन शब्द बोलायला, आणि वेळ आली तर भांडायलाही, आपल्याला कोणाची परवानगी लागत नाही.