टेबलाभोवतीचे डॉक्टर आणि टेबलावरचा चोर

मी डॉक्टर आहे. "दवाखाना सोडून नगरपालिकेत कशाला जायचं?" असं मला तुमच्यातलीच मुलं विचारतात. त्यांना मी अॅमस्टरडॅमच्या निकोलास टुल्पबद्दल सांगतो.

1593 साली जन्मलेल्या या माणसाचं मूळ नाव क्लास पीटर्सझोन. 'टुल्प' म्हणजे ट्यूलिपचं फूल. ते त्याने आपलं चिन्ह केलं आणि पुढे तेच नाव झालं. (हे फूल युरोपात गेलं उस्मानी साम्राज्यातून, आणि त्याचं नाव पडलं पगडीच्या कापडावरून!) लायडनला वैद्यकी शिकून तो गावी परतला. 1622 पासून नगरसभेत बसू लागला, पण रोगी तपासणं सोडलं नाही.

1635-36 मध्ये शहरात प्लेग आला. हजारो माणसं गेली. औषधं प्रत्येक दुकानदार आपल्या मनाने बनवायचा. नाव एक, आत भलतंच. एकट्या डॉक्टरने कितीही चांगली चिठ्ठी लिहिली तरी उपयोग काय? टुल्प आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1636 मध्ये औषधांचा एक प्रमाणग्रंथ तयार केला. पण ग्रंथ दुकानात पाळला जायचा तर मागे शहराचा हुकूम लागतो. मला हा माणूस आवडतो तो इथे.

पुढे तो चारदा महापौर झाला, पहिल्यांदा 1654 मध्ये. तिथे एकाच वेळी चार महापौर असत. 1655 साली लग्नातल्या उधळपट्टीला आळा घालणारा कायदा आला, त्यातही त्याचा पुढाकार मानतात. आपल्याकडे हा विषय नुसता काढून बघा!

आता दुसरी बाजू. रेम्ब्रांटने 1632 मध्ये काढलेलं त्याचं चित्र तुम्ही पाहिलं असेल. काळ्या कपड्यातला टुल्प चिमट्याने प्रेताच्या हाताचे स्नायू उचलून दाखवतोय, भोवती शल्यविशारद. ते प्रेत आरिस किंटचं. कोट चोरताना पकडला गेला आणि फाशी गेला. फाशी दिली शहराच्या सत्तेने, आणि टुल्प त्याच शहराच्या नगरसभेत दहा वर्षं बसत होता. ज्या सत्तेने औषधाच्या दुकानांना शिस्त लावली, तिनेच हेही केलं.

हेगच्या मॉरिट्सहाऊस संग्रहालयात ते चित्र आहे. बघाल तेव्हा टुल्पच्या चिमट्याकडे नंतर बघा. आधी आरिसचा चेहरा बघा. रेम्ब्रांटने तो अर्धा सावलीत ठेवलाय.