पाण्यातील घरकुले आणि त्यांचे धनी



1834 साली अमेरिकेतील आयझॅक ली या शंखशिंपल्यांच्या नामांकित अभ्यासकाने एका नव्या गोगलगायीचे वर्णन प्रसिद्ध केले. टेनेसी प्रांतातून आलेला तो शंख अवघा काही मिलिमीटरांचा होता. त्याचे वेढे सुबक होते, आणि नवल असे की तो सर्वस्वी वाळूच्या कणांनी मढलेला होता. ही गोगलगाय आपला शंख बळकट करण्यासाठी त्यावर वाळूचे कण चिकटवून घेत असावी, असे लीने अनुमान केले आणि तिला ‘व्हॅल्व्हाटा अरेनिफेरा’, म्हणजे वाळू वाहणारी, असे नाव दिले. वर्णन अचूक होते, निरीक्षण सूक्ष्म होते. फक्त प्राणी निराळा होता. तो शंख नव्हताच. एका कीटकाच्या अळीने वाळूचा कण कणाला जोडून बांधलेले ते घर होते. 1856 मध्ये फॉन सीबोल्ड याने या घरबांध्यांसाठी ‘हेलिकोसायकी’ ही प्रजाती स्थापन केली. एवढ्या जाणत्या माणसाची ज्याने फसगत केली, तो कीटक म्हणजे कॅडिस माशी.

सुगरणीच्या खोप्याचे कौतुक मराठी माणसाला लहानपणापासून ठाऊक असते. ओढ्याच्या तळाशी असलेल्या या कारागिराकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. आणि त्यात आश्चर्य नाही, कारण काडीकचऱ्याचा एक तुकडा चालू लागेपर्यंत तो कचराच वाटतो.

कॅडिस माशीला माशी म्हणायचे ते केवळ रूढीने. तिचे पंख चार, रंग बहुधा करडा किंवा तपकिरी, आणि बसताना ती पंख कौलारू छपरासारखे मिटून घेते. रात्री दिव्यावर आलेली कॅडिस माशी बहुतेकांना पतंगच वाटते. हा गैरसमज अगदीच निराधार नाही. पतंगाच्या पंखांवर खवले असतात, हिच्या पंखांवर केस. म्हणूनच विल्यम कर्बी याने 1813 मध्ये या गणाला ‘ट्रायकॉप्टेरा’, म्हणजे केसाळ पंखांचा, असे ग्रीक नाव दिले. फुलपाखरे व पतंग यांचा गण आणि हा गण ही सख्खी भावंडे होत. दोघांच्याही अळ्या तोंडातून रेशीम काढतात. एका भावंडाने ते रेशीम झाडावर नेले, दुसऱ्याने पाण्यात. पाण्यात नेणे अधिक कठीण, कारण ओल्या दगडाला काहीही चिकटवून पाहावे म्हणजे त्यातील अडचण कळते. या रेशमातील प्रथिनांना फॉस्फेटाचे गट जोडलेले असतात आणि कॅल्शियमच्या साहाय्याने ते धागे पाण्याखालीही घट्ट पकड घेतात, असे युटा विद्यापीठातील रसेल स्टुअर्ट यांच्या संशोधनातून 2010 च्या सुमारास पुढे आले. वाहत्या पाण्यात टिकणारा हा डिंक माणसाच्या शस्त्रक्रियेत उपयोगी पडेल काय, याचाही विचार त्यानंतर सुरू झाला.

बांधकामाची रीत पाहण्याजोगी असते. अळी पुढच्या पायांनी वाळूचा कण उचलते, तोंडापाशी धरून फिरवून पाहते, बसत नसेल तर टाकून देते आणि दुसरा घेते. बसला की रेशमाने आतून बांधते. घराची आतली बाजू रेशमाने गुळगुळीत केलेली असते. ओबडधोबडपणा सारा बाहेर. अळी वाढते तसे पुढच्या तोंडाशी बांधकाम वाढते आणि मागचा अरुंद भाग कातरून टाकला जातो. शरीराच्या मागच्या टोकाला दोन आकडे असतात. त्यांनी ती घराला आतून धरून राहते. पोटाच्या पहिल्या वलयावर अनेक कुलांत तीन उंचवटे असतात, त्यामुळे शरीर आणि भिंत यांत फट राहते. अळी पोट हेलकावत राहिली की त्या फटीतून पाण्याचा प्रवाह वाहतो आणि कल्ल्यांना प्राणवायू मिळतो. घर हे केवळ लपण्याचे साधन नाही, ते श्वासाचेही साधन आहे. एकाच नळीत भिंत, चिलखत आणि खिडकी! ‘घर पाहावे बांधून’ हे या अळीइतके कोणी शब्दशः घेतले नसेल.

फ्रान्समध्ये झां आंरी फाब्र यांनी या अळ्या काचेच्या भांड्यात पाळल्या होत्या. नेहमीचे साहित्य न देता त्यांनी तांदळाचे दाणे दिले, तेव्हा अळ्यांनी त्यांचीही घरे बांधली. पाणभुंगेरा घर फाडू लागला की आतली अळी मागच्या बाजूने निसटते आणि नव्याने बांधू लागते, हेही त्यांनी टिपून ठेवले. पुढे 1980 च्या दशकात यूबेर द्युप्रा या फ्रेंच कलावंताने अळ्यांना सोन्याचे कण, मोती आणि पिरोजा दिले व तयार झालेली घरकुले कलाकृती म्हणून मांडली. ती सुंदर आहेत, यात शंका नाही. तरीही फाब्र यांच्या तांदळात अधिक गोडी आहे, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

आता मुख्य प्रश्न. या गणात आजवर 16,000 हून अधिक जातींची नोंद झाली आहे. त्यांची मांडणी करायची कशी? घर इतके ठळक, इतके विविध, की घरावरूनच मांडणी करावी असा मोह होतो. ज्या वर्षी लीचा ‘शंख’ प्रसिद्ध झाला, त्याच 1834 साली जिनीव्हात पंचवीस वर्षांच्या फ्रांस्वा-ज्यूल पिक्ते याने अळ्या, त्यांची घरे आणि त्यांतून निघणाऱ्या माश्या यांचा एकत्र अभ्यास असलेला ग्रंथ प्रसिद्ध केला. एकाने घर पाहिले, दुसऱ्याने धनी बाहेर येईपर्यंत वाट पाहिली. दोघांच्या बुद्धीत फरक नव्हता, फरक या वाट पाहण्यात होता.

1924 मध्ये रशियन संशोधक आंद्रेई मार्तिनोव्ह यांनी घराऐवजी माशीच्या तोंडाशी असलेल्या एका बारीक जोडअवयवाकडे पाहिले. त्याचे शेवटचे पेर ज्यांत लवचीक व वलयांकित असते तो एक उपगण, ‘अ‍ॅन्युलिपाल्पिया’; ज्यांत ते तसे नसते तो दुसरा, ‘इंटेग्रिपाल्पिया’. गंमत अशी की या क्षुल्लक वाटणाऱ्या पेराने केलेली विभागणी जीवनपद्धतीलाही बरीचशी जुळली. पहिल्या उपगणातील अळ्या घर पाठीवर वाहत नाहीत. त्या दगडाला चिकटलेला आडोसा करतात, आणि हायड्रोप्सायकिडी कुलातील अळ्या तर त्यापुढे रेशमाचे जाळे लावून प्रवाहातले अन्न गाळून घेतात. दुसऱ्या उपगणातील अळ्या घरासकट हिंडतात.

परंतु निसर्ग दोन कप्प्यांत मावत नाही. चार कुले मध्येच उरली. रायकोफिलिडी आणि हायड्रोबायोसिडी कुलांतील अळ्या घराविनाच शिकार करीत फिरतात आणि कोशात जाण्यापूर्वी तेवढा खड्यांचा निवारा रचतात. ग्लॉसोसोमॅटिडी कासवाच्या पाठीसारखे खड्यांचे घुमट पाठीवर घेतात. हायड्रोप्टिलिडी तर इवल्या. त्यांच्या पहिल्या चार अवस्था उघड्यावर जातात आणि पाचव्या, शेवटच्या अवस्थेत बटव्यासारखे घर होते. या चौघांना मिळून 1984 मध्ये ‘स्पायसिपाल्पिया’ असा तिसरा उपगण सुचवला गेला. अलीकडील जनुकीय अभ्यासांचा कल मात्र त्यांना एक कुटुंब न मानता इंटेग्रिपाल्पियाच्या आरंभीच्या शाखा मानण्याकडे आहे.

घर वाहणाऱ्यांतले वैविध्य तर डोळे दिपवणारे आहे. फ्रायगॅनिडी कुलात पानांचे तुकडे कापून मळसूत्री वळणाने गुंफतात. ब्रॅकिसेंट्रसचे घर चौकोनी, निमुळत्या मनोऱ्यासारखे. गोएरिडी कुलातील अळी नळीच्या दोन्ही बाजूंना मोठे खडे जडवते, जणू नावेला भार घातला आहे. अ‍ॅनिसोसेंट्रोपस, जी सह्याद्रीच्या ओढ्यांतही राहते, पानाच्या दोन गोल चकत्या कापते. वरची मोठी, खालची लहान, आणि मधल्या फटीत स्वतः. वरून पाहणाऱ्याला नुसते गळलेले पान दिसते. युरोपातील एनॉयसिला पाणी सोडून जंगलातील ओलसर पाचोळ्यात राहते, तर न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरील फिलॅनिसस समुद्रात उतरली आहे. ती आपली अंडी ताऱ्याच्या आकाराच्या समुद्रजीवाच्या शरीरात घालते.

पण घर पाहून कुल ठरवू जाणाऱ्याची वाट अडखळते. चौकोनी घर ब्रॅकिसेंट्रिडीत आहे तसे लेपिडोस्टोमॅटिडीतही आहे. लेपिडोस्टोमाच्या कित्येक अळ्या बालवयात वाळूची गोल नळी करतात आणि मोठेपणी पानाच्या फळ्यांचे चौकोनी घर; म्हणजे एकाच अळीची दोन घरे वेगवेगळी मोजली जाण्याचा धोका. म्हणूनच टोरंटोच्या संग्रहालयातील ग्लेन विगिन्स यांनी 1977 मध्ये उत्तर अमेरिकेतील अळ्यांवरचा आपला ग्रंथ सिद्ध केला, तेव्हा घराच्या जोडीने अळीचे पाय, छातीवरील कठीण ढाली, कल्ले आणि केस यांचे बारकावे चित्रांसह दिले. केवळ जीवाश्म अभ्यासणाऱ्यांचा नाइलाज होतो. फ्रान्सच्या ओव्हेर्न्य भागात अशा प्राचीन घरांच्या थरांनी बनलेला चुनखडक आहे. तिथे धनी उरला नाही, घर उरले. अशा घरांना स्वतंत्र नावे देतात: पानांचे ते ‘फोलिंडुसिया’, वाळूचे ते ‘टेरिंडुसिया’. धन्याचे नाव तिथे कोणी लिहीत नाही, आणि ते प्रामाणिकपणाचे आहे.

भारतात या गणाच्या हजाराहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यांतील मोठा वाटा स्विस संशोधक फर्नांड श्मिड यांचा. 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी हिमालयात व ईशान्येकडे हिंडून माश्या जमवल्या. पण जाती ओळखल्या जातात त्या बहुधा नर माशीच्या जननांगांवरून. अळ्या कोणाच्या, घरे कोणाची, हे बहुतांश जातींबाबत अज्ञातच आहे. नदीचे पाणी निर्मळ आहे की नाही हे तपासताना मात्र हाती येते ती अळीच. कॅडिस, मेफ्लाय आणि स्टोनफ्लाय या तिघांच्या उपस्थितीवरून पाण्याची प्रत जोखण्याची पद्धत जगभर रूढ आहे. अळीला नाव नसेल तर हिशेब कुलापाशी थांबतो. आणि ज्या पात्रातून वाळूच उपसली जाते, तिथे वाळूचे घर बांधणारी नाव मिळण्याआधीच नाहीशी होते. तिची नोंदही कुठे राहत नाही.

अळी आणि माशी यांची गाठ घालण्याचा एक मार्ग म्हणजे पिक्तेचा, पाळून वाट पाहण्याचा. आज डीएनएच्या आधारेही ती घालता येते. तिसरा मार्ग घराच्याच पोटात आहे. पूर्ण वाढलेली अळी घर दगडाला पक्के बांधते, दोन्ही तोंडे बंद करते आणि आत कोशावस्थेत जाते. पुष्कळ कुलांत तिने टाकलेल्या कातडीच्या कठीण ढाली त्या बंद घराच्या मागच्या टोकाशी पडून राहतात. नेमक्या वेळी, माशी बाहेर पडण्याच्या थोडे आधी, असे घर सापडले तर एका टोकाला अळीची ओळख मिळते आणि कोशाच्या पातळ आवरणाखाली नराची जननांगेही तयार दिसतात.