यकृताच्या गाठीतला पुरावा

कर्करोग जनुकांतल्या बिघाडातून होतो, हे आता सर्वांनी ऐकले आहे. त्यावरून पुष्कळ जण असे धरून चालतात की तो वाडवडिलांकडून येतो आणि त्यापुढे आपले काही चालत नाही. यकृताच्या कर्करोगाबाबत हा समज खोडणारा पुरावा खुद्द जनुकांतच सापडला. टीपी-५३ हे जनुक पेशीचा पहारेकरी. डीएनएला इजा झालेल्या पेशीला ते विभागू देत नाही. १९९१ साली चीनमधल्या छीतुंग आणि आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या रुग्णांच्या गाठी तपासल्या, तेव्हा अनेकांत हे जनुक एकाच जागी बिघडलेले आढळले: २४९व्या स्थानी डीएनएतल्या एका जी अक्षराच्या जागी टी. दोन खंडांतल्या, एकमेकांशी नाते नसलेल्या माणसांत हीच चूक का व्हावी? दोन्हीकडे मका किंवा शेंगदाण्यावर वाढणाऱ्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष पोटात जात होते. यकृतातली विकरे त्याचे जे रूप करतात, ते नेमके जी अक्षराला चिकटते. हा बदल जन्मजात नव्हता, तो अन्नातून आला होता.

विषाला विषाणूची साथ मिळाली की धोका कितीतरी पटींनी वाढतो. शांघायमधल्या पुरुषांच्या अभ्यासात नुसत्या अफ्लाटॉक्सिनने धोका सुमारे ३ पट, नुसत्या हिपॅटायटिस बीने ७ पट, आणि दोन्ही असतील तर जवळजवळ ६० पट दिसला. हा विषाणू आपला डीएनए यकृतपेशीच्या डीएनएत घुसवतो. पुष्कळदा तो टर्ट जनुकाशेजारी जाऊन बसतो आणि पेशीला अमर्याद विभागण्याची मुभा मिळते. मग विषाणूच अडवला तर? तैवानने १९८४ मध्ये नवजात बालकांना लस द्यायला सुरुवात केली. ६ ते १४ वर्षांच्या मुलांमधले यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण दर लाखामागे ०.७०वरून १९९०-९४ पर्यंत ०.३६वर आले. मुलांची आनुवंशिकता तीच होती.

यावर दोन आक्षेप येतात, आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की पेशी विभागताना चुका आपोआप होतात, त्याला कोण काय करणार? खरे आहे. पण निरोगी यकृताच्या पेशी फार क्वचित विभागतात. वर्षानुवर्षांची सूज त्यांना मरायला आणि पुन्हा वाढायला लावते, म्हणजे चुकांची संधीही सुजेनेच वाढते. दुसरा आक्षेप पीएनपीएलए३ या जनुकाचा. २००८ मध्ये कळले की त्याच्या एका जन्मजात प्रकारामुळे यकृतात चरबी साठते. इथे वारसा आहे, हे मान्यच करायला हवे. तरीही त्या प्रकाराचा परिणाम वजन वाढेल तसा तीव्र होतो. सडपातळ माणसात तो बराच सौम्य राहतो.

इथे जमलेल्यांपैकी बहुतेकांचा जन्म भारतात हिपॅटायटिस बीची लस सार्वत्रिक होण्याच्या कितीतरी आधीचा आहे. तिथे ती २००२च्या सुमारास मोजक्या शहरांत व जिल्ह्यांत सुरू झाली आणि देशभर पोचायला २०११ उजाडले. हा विषाणू बाळंतपणात आईकडून बाळाकडे जातो आणि दशकानुदशके काहीही त्रास न देता राहतो. म्हणून माझा आग्रह आहे की प्रत्येकाने एकदा तरी एचबीएसएजी ही साधी रक्ततपासणी करून घ्यावी. ती पॉझिटिव्ह आली, तर घरातल्या सर्वांची तपासणी करावी आणि ज्यांना लागण नाही त्यांना लस द्यावी. स्वतः रुग्णाने डॉक्टरांच्या देखरेखीखाली राहावे. गरज असेल तिथे टेनोफोविर किंवा एन्टेकाविरच्या रोजच्या एका गोळीने विषाणू दाबून ठेवता येतो.