फटफटीवरचा साक्षीदार



माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे सारे वाचनालयाने आणि कारखान्याच्या दारातल्या सभांनी शिकवले. अशा माणसाने मोटारसायकलवरच्या कॅमेऱ्याविषयी बोलावे, याचे तुम्हांला नवल वाटेल. पण गडचांदुरात पाळी सुटली की आमच्या फटफट्या सिमेंटच्या ट्रकांतून वाट काढत निघतात. एका रात्री आमचा एक सोबती पडला. ट्रक निघून गेला. साक्षीदार मिळाला नाही. त्याच्या बायकोने विचारले, “भाऊ, कोणीच काही पाहिले नाही का?” त्या प्रश्नाने मला कॅमेऱ्याच्या दुकानात नेले.

दुकानदार देखण्या चित्राचे गुण गातो. आपल्याला देखणे चित्र नको. नेमके सांगणारा साक्षीदार हवा. हिशेब पाहा. तुमची गाडी आणि समोरचा ट्रक ताशी ६० किलोमीटरने येत असतील, तर सेकंदाला ३३ मीटर अंतर तुटते. कॅमेऱ्याची झडप सेकंदाचा साठावा भाग उघडी राहिली, तर तेवढ्यात ५५ सेंटिमीटर सरतात आणि नंबर पुसट होतो. पाचशेवा भाग ठेवा, तेच ७ सेंटिमीटरच्या आत येते. हे दिवसाचे झाले. रात्री उजेड थोडा, म्हणून झडप जास्त वेळ उघडी ठेवावी लागते. सेकंदाला ३० चित्रे पुरेत. ६० चा हव्यास धरू नये. भिंगाचा कोन फार रुंद ठेवला तर दूरचा नंबर मुंगीएवढा दिसतो. घड्याळ आणि तारीख बरोबर लावा. रोज भिंगावरची धूळ पुसा आणि आपल्या उन्हाळ्यात कॅमेरा गाडीवर तापत ठेवू नका.

आता बसवायचा कुठे? हँडलवर इंजिनाची थरथर थेट पोचते. तिथे फोन लावणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की, मोटारसायकलच्या कंपनांनी आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असा इशारा खुद्द ॲपल कंपनीने २०२१ साली दिला होता. पूर्ण चेहरा झाकणाऱ्या हेल्मेटच्या हनुवटीवर लावला तर शरीर थरथर शोषते आणि तुम्ही पाहाल तेच कॅमेरा पाहतो. मात्र हेल्मेटला भोक पाडू नका. आधी डोके, मग पुरावा. अपघात झाला की मूळ कार्ड काढून जपा, नाहीतर नव्या चित्रणाखाली जुने पुसले जाते. कोर्टात नक्कल द्यायची तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते.

शेवटी एक कडू गोष्ट. असेच एक चित्रण आमच्याकडे आले. त्यात चूक आमच्याच माणसाची निघाली. वळणावर त्यानेच गाडी पुढे काढली होती. काही सोबती म्हणाले, “पुसून टाका.” मी म्हणालो, “ट्रक चालवणाराही मजूरच आहे. त्याच्या घरीही कोणी वाट पाहते.” ते चित्रण आम्ही पुसले नाही.

जो साक्षीदार फक्त आपल्याच बाजूने बोलतो, त्याला आपण भाडोत्री म्हणतो. तसला साक्षीदार आपल्या डोक्यावर बसवून हिंडू नका, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.