आरोग्य प्रकल्पाचे यश आणि प्रकल्पप्रमुखाचे गुण
(व्याख्यानाची संहिता)



पूल बांधून झाला की त्याचे यश डोळ्यांना दिसते. आरोग्य प्रकल्पाचे यश बहुधा अदृश्य असते. ज्या बालकाचा पाय लुळा पडला नाही, त्याची वृत्तपत्रात बातमी येत नाही. म्हणून अशा प्रकल्पाच्या प्रमुखाची कसोटीही वेगळी असते. ती समजून घेण्यासाठी भारतातील पोलिओ निर्मूलनाचा इतिहास अभ्यासण्याजोगा आहे.

१९९५ साली देशभर पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. पुढे तिचा विस्तार इतका झाला की, एका राष्ट्रीय फेरीत सुमारे १७ कोटी बालकांना डोस देण्यासाठी २० लाखांहून अधिक लसीकरण कार्यकर्ते घराबाहेर पडत. एवढा व्याप केवळ आदेशाने चालत नाही. त्यासाठी सूक्ष्म नियोजन लागते. कोणत्या पथकाने कोणत्या गल्लीपासून आरंभ करावा, बर्फाच्या पिशव्या कोठून मिळतील, पर्यवेक्षक कोण, याचा प्रत्येक वस्तीसाठी कागदावर आराखडा असे. डोस घेतलेल्या बालकाच्या बोटाला शाई लावली जाई. सर्व बालकांना डोस मिळालेल्या घरावर ‘पी’, तर बालक राहून गेलेल्या घरावर ‘एक्स’ अशी खडूची खूण केली जाई. सायंकाळच्या बैठकीत या ‘एक्स’ घरांचा हिशेब मांडला जाई. किती घरे झाली यापेक्षा किती राहिली, हा प्रश्न तेथे अधिक मोलाचा होता.

प्रकल्पप्रमुखाचा पहिला गुण येथे दिसतो. तो म्हणजे अप्रिय वार्ता लवकर ऐकण्याची तयारी. वरिष्ठ रागावतील या भीतीने कनिष्ठाने ‘सर्व ठीक’ असे लिहिले, तर कागदावर लक्ष्य पूर्ण होते आणि रोग वस्तीत राहतो. हे टाळण्यासाठी १९९७ साली केंद्र सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी राष्ट्रीय पोलिओ सर्वेक्षण प्रकल्प उभारला. पंधरा वर्षांखालील बालकाला अचानक लुळेपणा आला की त्याची नोंद व्हायची, शौचाचे नमुने प्रयोगशाळेत जायचे. मुंबईतील एन्टेरोव्हायरस संशोधन केंद्र हे या साखळीतील महत्त्वाचे केंद्र. रोग कोठे लपला आहे, हे आता अहवालाच्या भाषेवर अवलंबून राहिले नाही.

तरीही यश सरळ मार्गाने आले नाही. २००२ साली देशात १,६०० रुग्ण आढळले. २००५ साली ही संख्या ६६ वर आली आणि २००६ मध्ये पुन्हा ६७६ झाली. पश्चिम उत्तर प्रदेशातील काही मुस्लिम वस्त्यांत या थेंबांनी वंध्यत्व येते अशी अफवा होती. परंतु नकारामागे आणखी एक प्रश्न होता. गटार नाही, डॉक्टर नाही, मग हे थेंबच पुन्हा पुन्हा दाराशी का येतात? पालकांना अडाणी ठरवून हा प्रश्न सुटणारा नव्हता. वस्तीतीलच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन संवादासाठी नेमण्यात आले. इमाम, शिक्षक आणि अलीगढ मुस्लिम विद्यापीठासारख्या संस्थांचे साहाय्य घेण्यात आले. ज्याच्या शब्दावर लोकांचा विश्वास आहे त्याला पुढे करून स्वतः मागे उभे राहणे, हा नेतृत्वाचा दुसरा गुण होय.

तिसरा गुण सर्वांत अवघड, तो आत्मपरीक्षणाचा. अनेक डोस घेतलेल्या बालकांनाही पोलिओ होत होता. दाट वस्ती, अस्वच्छता आणि सततचे अतिसार यांमुळे उत्तर प्रदेश व बिहारमध्ये तोंडावाटे दिलेल्या लसीचा परिणाम कमी पडतो, हे संशोधनातून दिसून आले. तेव्हा दोष पालकांवर न टाकता योजनाच बदलण्यात आली. या दोन राज्यांतील सर्वाधिक जोखमीचे १०७ विकासखंड निवडून तेथे स्वच्छता, शुद्ध पाणी, अतिसारावरील उपचार आणि नियमित लसीकरण यांवरही भर देण्यात आला. जानेवारी २०१० पासून पहिल्या व तिसऱ्या प्रकारच्या विषाणूंवरील संयुक्त लस वापरात आली. कोसीच्या पूरक्षेत्रात पथके नावेने गेली. वीटभट्ट्या, बांधकामांवरील मजुरांच्या झोपड्या आणि रेल्वे स्थानके नकाशावर आली.

२००९ साली ७४१ रुग्ण होते, २०१० मध्ये ४२ आणि २०११ मध्ये केवळ एक. १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यातील एका बालिकेला झालेला पोलिओ हा देशातील वन्य विषाणूचा शेवटचा रुग्ण ठरला. २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या आग्नेय आशिया विभागाला आणि त्यासोबत भारताला पोलिओमुक्त घोषित करण्यात आले.

याच्या उलट उदाहरण समृद्ध देशातले आहे. इंग्लंडमध्ये २००२ साली रुग्णांच्या नोंदी संगणकावर आणणारा एक विशाल राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेण्यात आला. पैसा होता, तंत्रज्ञान होते, नामांकित कंपन्या होत्या. परंतु जे डॉक्टर आणि परिचारिका ही यंत्रणा वापरणार, त्यांचा विचार पुरेसा घेतला गेला नाही. मुदती हुकत गेल्या. काही भाग उपयुक्त ठरले, पण मूळ स्वप्न अपुरे ठेवून २०११ साली हा कार्यक्रम गुंडाळण्याची घोषणा करावी लागली. तोवर अब्जावधी पौंड खर्ची पडले होते.

आपल्याकडेही अनेक जण रक्तपेढी, फिरता दवाखाना किंवा नेत्रतपासणी शिबिर चालवतात. शिबिरानंतर किती चष्मे वाटले हे फलकावर लिहिले जाते. शस्त्रक्रियेसाठी नाव नोंदवूनही जे आजोबा आले नाहीत, त्यांच्या घरी कोण गेले, हे क्वचितच विचारले जाते. खरे काम त्या विचारण्यातून सुरू होते.

पाकिस्तान व अफगाणिस्तानात वन्य पोलिओ अद्याप संपलेला नाही, म्हणून भारतातही थेंब पाजण्याच्या फेऱ्या चालू आहेत. पुढच्या फेरीला दारावर कुणी कार्यकर्ती आली, तर तिला पाणी विचारावे आणि शेजारच्या घरातील नवजात बालकाची माहिती आवर्जून द्यावी. या प्रकल्पातील आपल्या वाट्याचे काम तेवढेच आहे, आणि ते लहान नाही.