एकाचे दोन दिसू लागले तर

मोठ्या वयात अचानक एकाचे दोन दिसू लागले, की घरीदारी पहिला सल्ला मिळतो तो डोळ्यांच्या व्यायामाचा: बोट नाकाजवळ आणा, बुबुळे गोल फिरवा, महिनाभर करा. माझे म्हणणे असे, की हा व्यायाम एका ठरावीक दोषावर उत्तम उपचार आहे. पण कारण न शोधता तो सुरू केला तर हातचा वेळ जातो, आणि काही दुखण्यांत तेवढा वेळ नसतोच.

एक डोळा झाकून पाहा. उजवा किंवा डावा, कोणताही झाकला की एकच दिसते आणि दोन्ही उघडले की दोन, असे असेल तर दोष दोन डोळ्यांच्या मेळात आहे. प्रत्येक डोळा सहा स्नायूंवर फिरतो. मधुमेहात त्यांच्या मज्जातंतूचा रक्तपुरवठा खंडित होऊ शकतो, बरेचदा डोळा बाहेर वळवणाऱ्या तंतूचा. मग लासुर्ण्याहून बारामतीला दुचाकीवर निघालेला माणूस समोरच्या एका ट्रकचे दोन होऊ नयेत म्हणून तोंडच लुळ्या डोळ्याच्या बाजूला वळवून धरतो. पापणी पडली, बाहुली मोठी झाली आणि डोके भयंकर दुखत असेल, तर मेंदूतील रक्तवाहिनीला फुगा आलेला असू शकतो. तिथे तासांचा हिशेब असतो. आपल्या उसाच्या पट्ट्यात आणखी एक कारण विसरता येत नाही. रात्री झोपेत मण्यार चावली तर दंशाची खूणही अनेकदा सापडत नाही. सकाळी जड झालेल्या पापण्या आणि दुहेरी दिसणे हीच पहिली लक्षणे असतात. तेव्हा थेट दवाखाना गाठायचा.

कोणी म्हणेल, लुळा हात व्यायामाने सुधारतो, मग डोळा का नाही? डोळ्याचे स्नायू जागेपणी सतत काम करतात. त्यांची ताकद गरजेहून कितीतरी जास्त असते. इथे अडते ते त्यांच्यापर्यंत न पोचणाऱ्या आदेशामुळे. व्यायामाने बरे झालेली माणसे आम्ही पाहिली, असेही सांगतात. खरे आहे, पण मधुमेहामुळे आलेला हा लुळेपणा बहुतेकदा तीनएक महिन्यांत आपोआप ओसरतो आणि श्रेय व्यायामाला मिळते. तोवर साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवणे, एक डोळा झाकणे किंवा चष्म्यावर प्रिझमची पट्टी लावणे हेच कामाचे. सहा महिन्यांनंतरही तिरळेपणा तसाच राहिला, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो.

व्यायामाचा खरा प्रांत वेगळा आहे. जवळचे पाहताना काहींचे दोन्ही डोळे नाकाकडे पुरेसे वळत नाहीत. वाचताना अक्षरे दुहेरी होतात, डोके दुखते. डोक्याला मार लागल्यावर मोठ्यांनाही हा दोष जडतो. अमेरिकेत हा दोष असलेल्या ९ ते १७ वर्षांच्या २२१ मुलांवर १२ आठवडे चाचणी झाली; निष्कर्ष २००८ मध्ये आले. देखरेखीखालील प्रशिक्षण आणि जोडीला घरचा सराव यांनी ७३ टक्के मुले बरी झाली किंवा सुधारली. घरी नुसती पेन्सिल नाकाजवळ आणणारी ४३ टक्के, आणि दिखाऊ उपचार घेतलेली ३५ टक्के. पेन्सिल आणि दिखाव्यात फारसे अंतर उरले नाही! हे आकडे मुलांचे आहेत, ते लुळ्या पडलेल्या डोळ्याला लावता येणार नाहीत. आणि २०१९ च्या पुढच्या चाचणीत अशा प्रशिक्षणाने वाचनाचे आकलन दिखाऊ उपचारापेक्षा अधिक सुधारले नाही, हेही सांगितलेच पाहिजे.

खेड्यात देखरेख कोण करणार, हा आक्षेप मला सर्वांत रास्त वाटतो. साधने महाग नाहीत: तीन रंगीत मणी ओवलेली दोरी, पट्टी, प्रिझमचे काही तुकडे. ग्रामीण रुग्णालयांत नेत्रचिकित्सा अधिकारी हे पद आहे. त्यांना ही तपासणी आणि हे प्रशिक्षण शिकवावे, आठवड्यातून एक दुपार त्यासाठी राखावी, आणि पडलेली पापणी दिसताच रुग्णाला त्याच दिवशी पुढे पाठवण्याचे अधिकार त्यांना द्यावेत, एवढी मागणी या व्यासपीठावरून करतो.